पाचव्या शीलाची परात

आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे दारू मिळत नाही, हे वाक्य मी शाळेतल्या भाषणात ऐकलं, ग्रामसभेत ऐकलं, आणि एकदा हातात भरलेला ग्लास धरून, तो भरून देणाऱ्याच्याच तोंडून ऐकलं. तो म्हणाला, "आपल्या जिल्ह्यात भेटत नाई नं भाऊ, म्हणून तं एवढी मेहनत करा लागते." खोटं नव्हतं त्याचं. मोहाची गावाशेजारी निघायची, बाटलीतली नदीपलीकडून यायची, आणि पिणारा मात्र कागदावर कुठेच नसायचा. जिथे दारूच नाही तिथे दारुडा असणं म्हणजे घरच्यांची मोठी पंचाईत. सांगणार कुणाला आणि काय?

माझ्या घरच्यांची पंचाईत दुप्पट होती. मला दारू होती आणि आणखी एक आजार होता, ज्याचं नाव पस्तिशी येईस्तोवर मला माहीत नव्हतं. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, "चार महिने पोरगा सोन्यासारखा राह्यते बाई, मंग त्याले काय होते कोणाले माहीत." ते सोन्यासारखे चार महिने हासुद्धा आजारच होता, हे आईला कळलं नाही. मलाही नाही. सोन्याला कोण औषध देतं?

केळझरच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या विहिरींवरचे पंप जळले की लोक मोटर माझ्याकडे आणतात. जळालेली तार काढून नवी तार भरायची, हे काम. चढतीच्या दिवसांत मी एका दमात तीन मोटरी बांधायचो आणि वर गिऱ्हाइकाला शेती कशी करावी हेही शिकवायचो. उतरतीच्या दिवसांत त्याच मोटरी पोट उघडं टाकून पडून राहायच्या, आणि मी शटर अर्धं ओढून आत फरशीवर. बाहेरून लोक शिव्या घालायचे. त्यांचंही बरोबर होतं, पाण्यावाचून त्यांची मिरची सुकत असायची. मला सगळं ऐकू यायचं, फक्त उठता यायचं नाही. तेव्हा दारू कामी यायची. दोन घोट पोटात गेले की निदान हातपाय हलायचे. चढतीतही दारू लागायची, पण ती डोकं थोडा वेळ बंद व्हावं म्हणून. उठायला दारू आणि थांबायलाही दारू. लोक म्हणायचे, मजा मारतो साला. मजा मला दारूत एकदाही आली नाही, आणि हे कुणाला पटायचं नाही म्हणून मी सांगणंच सोडून दिलं.

बाबांनी माझ्यासाठी फार पायपीट केली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी मला एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथले म्हणाले, याच्या डोक्याचं काहीतरी आहे, आधी ते दाखवून या. डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, दारू चालू असताना मी काय औषध देऊ, आधी ती सोडवून आणा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आम्ही बापलेक मधल्या एसटीत, खिडकीशी मी आणि त्यांच्या मांडीवर जेवणाचा डबा. एकदा त्यांनी कंडक्टरलाच विचारलं, "साहेब, हे दोन्ही जिथं एकाच जागी होते असं गाव आहे का तुमच्या गाडीच्या रस्त्यावर?" कंडक्टर हसला. बाबा हसले नाहीत.

बायको मुलीला घेऊन आष्टीला माहेरी गेली, तेव्हा मुलगी दुसरीत होती. मी बायकोवर कधी हात उचलला नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, ती का गेली ते कळावं म्हणून सांगतो. ती थकली होती. रोज संध्याकाळी दारात कोण येणार हे तिला ओळखावं लागायचं. पिऊन आलेला मी, न पिता मुका झालेला मी, की गावभर उधळून आलेला मी. स्वयंपाक करतानासुद्धा तिचा एक कान रस्त्यावर असायचा. जाताना ती भांडली नाही, रडली नाही. स्टँडवर गाडी लागल्यावर म्हणाली, "एक पूरं वर्ष नीट राहून दाखवा. मी माह्याच पायानं येईन. आणायले येऊ नका."

त्यानंतर मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती दोघी घरी यायला हव्या होत्या. बाकी सगळं त्याच्यानंतर.

त्यासाठी मी पुन्हा एका केंद्रात राहिलो, दारू सोडली, आणि दारूचा वास नसलेल्या तोंडाने डोक्याच्या डॉक्टरसमोर जाऊन बसलो. आता त्यांनाही काही म्हणता येईना. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी तहान फार लागायची, अंग जड झालं, जिभेवर लोखंडाची चव राहायची आणि हातांना बारीक कंप सुटला. केसासारखी तार खाचेत बसवणाऱ्याला हाताचा कंप म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. पण दिवस एकासारखा एक जाऊ लागले. उन्हाळा गेला, चढलो नाही, पडलो नाही. आष्टीला फोन करायचो तेव्हा मुलगी शाळेतलं सांगायची आणि बायको मागून विचारायची, "जेवले का म्हणा." मला ते वाक्य दिवसभर पुरायचं.

आता त्या परातीकडे येतो.

माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. तेव्हापासून आमच्या घरात पंचशील रोजच्या जेवणासारखं. गावचा विहार म्हणजे बाबांचं दुसरं घर. वंदना तेच घेतात. आषाढी पौर्णिमेला पावसाळ्याचे तीन महिने चालणारा वर्षावास सुरू होतो, त्या दिवशी आमच्या विहारात एक रीत आहे. दुसऱ्या गावात मी ती पाहिली नाही, बहुतेक बाबांच्याच पिढीने काढलेली असावी. मूर्तीपुढे एक पितळी परात ठेवतात. पाचवं शील, म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं, म्हणून झालं की ज्याला काही सोडायचं असेल तो उठतो आणि ती वस्तू परातीत टाकतो. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या, विडीचं बंडल, तंबाखूची डबी. एक म्हातारी दरवर्षी दात घासायच्या तंबाखूची, गुडाखूची डबी टाकते आणि वर्षावास संपला की अश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी नवी आणते. काही पोरं तर हुशार, अर्धा खाऊन झालेलाच खर्रा सोडतात. मग परात मागच्या आवारात नेऊन सगळं जाळतात. तेवढ्यापुरता का होईना, विहाराला त्या धुराचा वास येतो आणि बायाबापड्यांना बरं वाटतं.

त्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबा दुकानात आले. मी एका जुन्या मोटरीत तार भरत होतो आणि हात थरथरत होता. ते बराच वेळ पाहत राहिले.

"दारू तं सुटली नं तुही?" त्यांनी विचारलं.

"सुटली बाबा."

"मंग हात काऊन कापून राह्यला?"

"त्या गोळ्यांनी कापते."

"पयले दारूनं कापे, आता गोळीनं कापते. फरक काय झाला मंग?"

मी तार खाचेत दाबत राहिलो. आईकडे त्याहून पक्का पुरावा होता. औषधाचा दुकानदार चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या द्यायचा नाही, आणि तोच दुकानदार तिला म्हणाला होता की नशेच्या गोळ्या बिनाचिठ्ठीच्या देता येत नाहीत. आईने दोन्ही वाक्यं एकापुढे एक ठेवली. गावातही बोललं जायचं, "गुरुजीचा पोरगा बाटलीवरून गोळीवर आला." बाबांना ते फार लागायचं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांकडून पाचवं शील म्हणवून घेतलं, त्याच्याच घरात रोज नशेची गोळी गिळली जाते, असं त्यांना वाटू लागलं होतं. आणि मला तर मनातून तेच हवं होतं. मला बरं वाटत होतं. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, हे बरं असलेल्या माणसाला कधीच वाटत नाही. सोडायची तर पूर्णच सोडावी, म्हणजे बायकोला कुठे बोट ठेवायला जागा उरणार नाही, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून आम्ही विहारात बसलो. पाचवं शील झालं. मी उठलो आणि घरात होती तेवढी सगळी गोळ्यांची पाकिटं परातीत ठेवली, खर्र्याच्या पन्न्यांवर. सगळ्या विहारातून "साधू, साधू, साधू" असा आवाज उठला. आईने पदर डोळ्यांना लावला. बाबांना पुढची गाथा म्हणता येईना. माझ्या आयुष्यात मला इतका मान त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. कुणी वाईट मनाने काही केलं नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. सगळ्या गावाने मिळून, हात जोडून, माझं औषध जाळलं.

पुढचे दोन महिने काय सांगू! हाताचा कंप गेला. तहान गेली. तोंडाची चव परत आली, आईच्या हातचं वरण किती चांगलं असतं ते मला नव्याने कळलं. दारूची आठवणसुद्धा येत नव्हती. दुकानातल्या साऱ्या मोटरी बांधून झाल्या. मग मी विहार रंगवायला काढला. एकट्याने बाहेरच्या भिंती रंगवल्या, आतलं वायरिंग बदललं, वर्षावासातल्या धम्मग्रंथाच्या रोजच्या वाचनाला जाऊन बसलो आणि बाबा वाचत असताना मध्येच उठून अर्थ सांगू लागलो. लोक ऐकायचे. शेजारच्या गावचे लोक आपल्या पिणाऱ्या पोरांना माझ्यासमोर आणून बसवू लागले. बाबा कौतुकाने पाहायचे. त्यांनी आष्टीला माझ्या सासऱ्यांना फोन लावला आणि सांगितलं, "इवाई, पोरगा सुटला. तुमी सुनेले सांगून ठेवजा."

मी वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही. आणायला येऊ नका, असं ती म्हणाली होती, पण ते जुन्या माणसाला सांगितलेलं, मी आता नवा होतो. भाद्रपदात एके सकाळी निघालो. सोबत मी स्वतः बांधलेले तीन टेबल फॅन आणि सासरच्या सगळ्यांसाठी पांढरे कपडे, कुणाचंही माप न घेता घेतलेले. वर्ध्याला गाडी बदलली, आर्वीला बदलली. वाटेत सगळ्या गाडीला मी पाचवं शील समजावून सांगितलं. एक बाई आर्वीच्या आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली. ती मला घाबरली होती, हे मला फार नंतर सुचलं.

आष्टीला बाजाराचा दिवस होता. बाबांनी फोन करून ठेवला होता, म्हणून सासरच्या घरी माझी वाट पाहत होते. सासरे पुढे आले, गळाभेट घ्यावी तसे जवळ येऊन त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आत हाक मारली, "अवो, पाट मांड. जवाई आले." सासूबाईंनी पाटोडीची भाजी केली होती. मुलगी दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन दारातच उभी होती, केसांना नवी रिबीन लावलेली. तिने आधीच सगळं भरून ठेवलं होतं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आज आपण घरी जायचं.

मी बोलत होतो. आठवतं तेवढं असं की सगळा जिल्हा कसा सुधारायचा हे सांगत होतो, मध्येच फॅनचं पातं किती फेरे घेतं ते सांगत होतो, सासऱ्यांच्या भिंतीवर कुठे काय लिहायचं ते बोटाने दाखवत होतो. सगळे हसून ऐकत होते. बायको पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

"गोळ्या घेता नं?" तिने विचारलं.

मी मोठ्या अभिमानाने परातीची सगळी गोष्ट सांगितली. लोकांनी साधू-साधू म्हटलं तेही. ती शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली. मग हळूच म्हणाली, "तुमी पिऊन आले असते तं बरं झालं असतं."

सासूबाई चमचा हातात घेऊनच बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "जिभीले काई हाड आहे का तुह्या? एवढ्या वर्षानं माणूस बिना पेता दारात आला, अन् तू असं बोलतं?"

"पेले असते तं सकाळी उतरली असती, माय," बायको म्हणाली. "हे केव्हा उतरते ते सांग मले. मांगच्या खेपेले चार महिने लागले. अन् उतरल्यावर काय होते ते तुमी नाई पाह्यलं, मी पाह्यलं."

सगळं घर तिच्यावर उलटलं. सासरे म्हणाले, वास नाही, तोल नाही गेलेला, आता आणखी काय हवं तुला? शेजारची एक बाई डोकावून म्हणाली, काही बायांना सुख पाहवत नाही. ती एकटी होती आणि तिचंच खरं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण त्या दिवशी जळत माझं होतं आणि कळलं फक्त तिला. ती उठली, मुलीच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. मुलगी तिच्या मागे गेली नाही. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली, मी काहीतरी करीन म्हणून.

मी जे केलं ते असं: एक फॅन उचलून ओट्यावर आपटला. त्याची जाळी निघाली आणि घरंगळत रस्त्यावर गेली. बाजाराला निघालेले लोक थांबले. मी ओरडत होतो, काय ते मला आठवत नाही. मुलगी मात्र ओरडली नाही. तिने रस्त्यावरून जाळी उचलून आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

बायको मला घेऊन त्याच दिवशी गाडीत बसली. डॉक्टरकडे नेते म्हणाली. आर्वीपर्यंत ती माझ्या शेजारी बसून होती, तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. आर्वीच्या स्टँडवर मी पाणी पितो म्हणून उतरलो आणि दुसऱ्याच गाडीत बसून निघून गेलो. मागच्या काचेतून ती दिसली, दोन गाड्यांच्या मधे उभी, इकडे तिकडे पाहताना. हे लिहिताना मला अजून लाज वाटते आणि त्याहून जास्त दुःख होतं. ती त्या दिवशी मला सोडायला निघाली नव्हती, वाचवायला निघाली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. दिवाळीच्या सुमारास मी पडलो. असा पडलो की डोळे उघडायलाही कारण सापडेना. दारू परत आली, नदीपलीकडून नव्हे, आमच्याच शेताकडे जाणाऱ्या पांदणीतून. लोक म्हणाले, गुरुजीच्या पोराने शील मोडलं. ज्यांनी पोरं आणून माझ्यासमोर बसवली होती ते रस्त्यात भेटले तर मान वळवायचे. थंडीत एका दुपारी बाबा दुकानाचं शटर वर करून आत आले नसते, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या खाटेशी एक तरुण डॉक्टरबाई यायच्या. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला सांगितलं की ही दोन दुखणी वेगळी ठेवून बरी होत नाहीत, एकाला दाराबाहेर उभं करून दुसऱ्यावर उपचार करता येत नाही. मी म्हटलं, "म्हणजे कमी व्होल्टेजनंही मोटर जळते अन् जास्तीनंही, तसं." त्या म्हणाल्या, तसंच, आणि दारू म्हणजे तुम्ही दोन्ही वेळा लावलेला चुकीचा फ्यूज. मग त्यांनी बाबांना विचारलं, गोळ्या कधी बंद झाल्या? बाबांनी सगळं सांगितलं, विहार, परात, सगळं, एक शब्दही न लपवता. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ही नशा नाही. साखरेच्या आजाराची गोळी असते तशी ही गोळी आहे." एवढं साधं वाक्य, आणि आम्हाला ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही ऐकलं नसेल.

त्यांनी आणखी विचारलं, घराण्यात कुणाला असं होतं का? बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "माह्या मोठ्या भावाले. तो फार हुशार होता. मंग एक दिवस निघून गेला, सापडलाच नाई." मी त्या काकांचं नाव घरात एकदाही ऐकलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे पुढच्या पिढीत उतरतंच असं नाही, पण लक्ष असू द्या. झोप उडाली आणि तरी माणूस ताजातवाना असला, की समजा आणि त्याच दिवशी या.

त्या गेल्यावर बाबांनी माझ्या पायाशी बसून, माझ्याकडे न पाहता म्हटलं, "चूक झाली माही." बाबांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमी मायेनं केलं." ते म्हणाले, "मायेनं केलं म्हणून चूक कमी होते का?" आषाढीची ती परात त्यांनी पुढे बंद केली. आजही ते वंदना घेतात, पण पाचव्या शीलापाशी आले की त्यांचा आवाज बसतो, आणि लोकांना वाटतं वयामुळे.

हे सगळं बायकोला मी फोनवर सांगितलं, काकांचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "गोळी टाकू नका म्हणजे झालं." ती परत आली नाही. वर्ष झालं, त्यावर आणखी वर्षं झाली. मी दारूला हात लावला नाही असं म्हणणार नाही. एकदा लावला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन सांगितलं. गोळी मात्र टाकली नाही. हात कापतो, तार भरायला वेळ लागतो. महिन्यातून एकदा आष्टीला जातो, ओट्यावर बसतो, चहा घेतो, संध्याकाळच्या गाडीने परततो. बायको माझ्याशी चांगलं बोलते. नातं तुटलं नाही, जोडलंही गेलं नाही, आणि याच्यापुढे काय विचारावं ते मला कळत नाही. एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मले तुमचा राग नाई. मले आता कान देऊन बसायची ताकद नाई."

यंदा मुलीचा दहावीचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. मायलेकी मला घ्यायला स्टँडवर आल्या होत्या. असं आधी कधी झालं नव्हतं. मी पायरीवरून उतरायच्या आत मुलगी बोलू लागली. गणितात ती शाळेत पहिली आली होती. ती इलेक्ट्रिकल घेणार, नागपूरला जाणार, होस्टेलवर राहणार, मग माझ्या दुकानाला मशीन घेऊन देणार म्हणजे हाताने तार भरायलाच नको, आणि आजीला विमानात बसवणार, आणि पप्पा तुम्हाले माहीत आहे का, मॅडमनं सगळ्या वर्गासमोर काय म्हटलं? एक वाक्य संपायच्या आत दुसरं. हात हवेत, डोळे चमकत, मध्येच हसू. सोळा वर्षांची पोरगी पहिली आल्यावर आणखी कशी बोलणार?

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. कित्येक वर्षांत तिने माझ्या डोळ्यांत असं सरळ पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं एकच गोष्ट मनात घेऊन उभे होतो, एका लेकराच्या आईबापासारखे, आणि ती गोष्ट तिच्याही तोंडातून निघत नव्हती. शेवटी मीच विचारलं.

"काल रात्री झोपली होती का बेटा?"

मुलगी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. दोघांचे चेहरे तिने नीट वाचले. हा प्रश्न कशाचा आहे ते तिला सांगावं लागलं नाही, ती याच घरातली आहे.

"झोपली होती, पप्पा," ती म्हणाली. "मी फक्त खुश आहे."

"हो बेटा. मीही खुश आहे," मी म्हटलं.

मग आम्ही घराकडे निघालो. ती आमच्या मधून चालत होती आणि पुढचं सगळं सांगत होती, पण आता सावकाश, एकेक शब्द जपून, आम्हाला भीती वाटू नये अशा बेताने.